वारं लागलेली दरड

दरड कोसळली की बातमीत एकच वाक्य असतं: मुसळधार पावसामुळे दरड कोसळली. ते वाचलं की माझं डोकं तापतं. जोयड्याच्या जंगलात पाऊस माणसाच्या आधीपासून पडतो आहे, त्यानं नवीन काय केलं? नवीन असतं ते माणसानं केलेलं काम. उन्हाळ्यात उभी कापलेली टेकडी, आणि ती कापताना मनात धरलेली एखादी खात्री.

मी पत्रकांच्या घरात वाढले. आई रामनगरात चळवळीची पत्रकं लिहायची, वडील ती बाजाराच्या दिवशी वाटायचे आणि उरलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर मी बेरजा करायची. पत्रकाची एक शिस्त असते: कुणी काय केलं ते आधी सांगायचं. तर सांगते. आत्तीच्या, म्हणजे वडिलांच्या बहिणीच्या, घरामागची टेकडी मामानं, म्हणजे आत्तीच्या नवऱ्यानं, कापली. आणि ती कापल्यावाचून त्याला दुसरी जागा मिळणार नव्हती, हेही त्याच दमात लिहायला हवं.

त्यांचं घर बाजारकुणंगच्या अलीकडच्या एका वाडीत. पुढं भातशेत, दोन्ही अंगांना जंगलखात्याची हद्द, मागं टेकडी. या भावकीचा गणपती एकच, तो थोरल्या भावाच्या घरी बसतो, म्हणजे मामाकडं. चवथीला बाकीचे भाऊ बायकापोरांसकट तिथंच येतात, तिथंच जेवतात, तिथंच निजतात. माणसं वाढली, घर तेवढंच राहिलं. शेतात खोली बांधावी तर खायचं काय? जंगलात कुदळ मारावी तर गुन्हा. शेवटी एका उन्हाळ्यात जेसीबी आला आणि त्यानं टेकडीचा पाय कापून घरामागं एका खोलीपुरती जागा काढली.

मे महिन्यात मी गेले तेव्हा ती कापलेली भिंत उघडी होती. आमची टेकडी आतून कशी दिसते ते मी पहिल्यांदा पाहिलं. वर जांभा, लाल-तपकिरी, भोकाभोकांचा, टोपावर झाकण असावं तसा. त्याच्याखाली पिवळी माती, मग गुलाबी, मग पिठासारखी पांढरी. त्या पांढऱ्या मातीतून काळ्या रेघा गेलेल्या. आमच्या भागात पूर्वी ज्या मँगनीजच्या खाणी होत्या, तेच मँगनीज. रेघा सरळ आडव्या नव्हत्या. टेकडीच्या आतून निघून खाली उतरत होत्या, आणि त्यांचा उतार घराकडं होता.

रेघांवरून माझी नजर हटेना. भूशास्त्राच्या पुस्तकात जे नुसतं वाचलं होतं ते तिथं भिंतभर उघडं पडलं होतं. ती टेकडी कधीकाळी पाण्याखालचा गाळ होती. थरावर थर साठला, वरच्या भारानं खालच्या थरातलं पाणी पिळून निघालं, कण एकमेकांना चिकटले, गाळाचा दगड झाला. मग जमिनीच्या पोटातल्या दाबानं आणि उष्णतेनं तो दगड भाजला, वाकला, आडवे थर तिरके झाले. पुढं तो वर आला आणि पावसाच्या तावडीत सापडला. पाऊस दगड धुतो असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे तो दगड विरघळवतो. विरघळणारं ते वाहून गेलं. न विरघळणारं लोखंड वरच्या थरात साचत राहिलं, त्याचा जांभा झाला. खालच्या दगडातला जोर निघून गेला आणि मागं राहिली ही पांढरी माती. गंमत म्हणजे दगड मेला तरी त्याची रेघ मरत नाही. मातीत जुना थर जसाच्या तसा दिसतो. तो दिसतो तो कुणीकडं घसरायचं हे सांगायला.

"मामा," मी म्हणाले, "ह्याला आधाराची भिंत नको?"

"कशाला गे? वारं लागू दे की."

हे 'वारं लागू दे' समजायला जांभ्याच्या मुलखातलं असावं लागतं. मामानं तरुणपणी चिरेखाणीत काम केलं आहे. जांभा खाणीत असतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो. लगेच बांधकामाला घ्यायचा नसतो. चिरे कापून रचून ठेवायचे, त्यांना ऊन-वारं खाऊ द्यायचं, एक पावसाळा भिजू द्यायचं. मग तोच दगड असा पक्का होतो की छिन्नी परत येते. हे खरं आहे. जांभ्यातल्या लोखंडानं धरून ठेवलेलं पाणी सुटतं, लोखंडाचे कण एकमेकांत गुंततात, आणि ती गुंफण मग कितीही पाऊस पडला तरी सुटत नाही. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे बघत आली. त्यातूनच एक चूक त्यांच्या हाडात बसली: या टेकडीतून जे कापाल ते वाऱ्यानं पक्कं होणारच.

"ही बघ," म्हणून मामानं खिशातला खिळा काढला आणि पांढऱ्या भिंतीवर ओढला. चरा सुद्धा उठेना. "चुना केल्यागत झालंया. अजून पंधरा दीस ऊन खाऊ दे, मग बघ."

"हा जांभा न्हाई मामा. ह्यात लोखंड न्हाई. ही नुसती वाळलीय. भिजली की परत माती."

"टेकडी एकच, न्हवं? वरचं घट्ट हुतंय आन् खालचं हुईत न्हाई, असं कसं?"

"वरचं वेगळं हाय—"

"अगो," त्यानं आत हाक मारली, "ह्या पोरीला च्या दे. आईच्या पत्रकावानी बोलायलीय, कुणीकडनंबी उघड, त्येच."

आत्ती हसली, मीही हसले. पण त्या खोलीसाठी चिरे कुठून काढले हे मी वर चढून बघितलं तेव्हा हसू गेलं. टेकडीच्या माथ्यावरून. झाकणच उचललं होतं. आता पाऊस जांभ्यावरून वाहून न जाता सरळ खालच्या मातीत मुरणार. मी म्हणाले, निदान वर एक चर खणू, पाणी बाजूला काढू. मामा त्याला तयारही झाला. पण चर पडत होता तो हद्दीच्या दगडापलीकडं, आणि तिथं कुदळ मारायला परवानगी नव्हती. झाड वाचवायला हद्द आखली म्हणे. त्या हद्दीच्या आत माणूसही राहतो हे आखणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

पावसाळा आला. चवथ आली. आदल्या आठवड्यापासून पाऊस थांबलाच नव्हता. फोनवर कन्नडमधून रेड अलर्टचे संदेश येत होते आणि ते सगळे पूर आणि वीज याबद्दल होते. जोयड्याहून निघालेल्या जीपमधून मी वाडीत पोचले ती चवथीच्या सकाळी. घर माणसांनी भरलेलं, गणपतीच्या डोक्यावर माटोळी टांगलेली, तिच्यात रानातली फळं, काकड्या, सुपारीचे घोस. कापलेली दरड नव्या खोलीच्या मागच्या दारातून हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. नव्या खोलीत पोरं ओळीनं निजायची होती.

दुसऱ्या दिवशी, पंचमीच्या सकाळी, मी भांडी घासायला मागं गेले. दरडीच्या पायाशी गटार होतं. कालपर्यंत त्यातून लाल पाणी वाहत होतं. आज ते दुधासारखं पांढरं होतं.

मी भांडी तशीच टाकली. लाल पाणी म्हणजे वरून वाहून आलेलं. पांढरं पाणी म्हणजे टेकडीच्या आतून आलेलं, माती घेऊन. भिंतीवर बोट टेकलं. मे महिन्यात जिथं खिळा उमटला नव्हता तिथं माझं बोट पेरभर आत गेलं. काळ्या रेघेच्या बरोबर खालून पाणी पाझरत होतं.

मी ओट्यावर आले. मामा सोवळं नेसून आरतीची तयारी करत होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, हे घर आत्ताच्या आत्ता रिकामं करायला पाहिजे.

मग मामाचा धाकटा भाऊ म्हणाला, "आली बगा सरकारची नोटीस."

सगळे हसले. मला राग आला, पण रागानं कुणी घर सोडत नाही, हे मी आईकडून शिकले आहे. आत्ती चुलीला पांढरे पट्टे द्यायला त्याच दरडीची माती वापरायची. तिचं सुकलेलं ढेकूळ वैलाजवळ होतं. मी ते आणलं, अंगणातून जांभ्याचा एक कपचा आणला आणि पाण्यानं भरलेल्या परातीत दोन्ही शेजारी ठेवले. जांभ्यातून चार बुडबुडे निघाले आणि तो बसून राहिला. ढेकूळ आधी फुसफुसलं. मग त्याच्या कडा सुटल्या. मग ते आपल्या पायातच खचलं, आणि परात पांढरी झाली.

हसणं थांबलं. एका काकीनं पोराला जवळ ओढलं.

"परातीत बुडवल्यावर भाकरीबी इरघळतीय," धाकटा म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता.

मामा परातीकडं बघत राहिला. चिरेखाणीतला माणूस तो, दगडाशी खोटं बोलणाऱ्यातला नव्हे. "बायका-पोरं शाळंत जाऊ देत," तो शेवटी म्हणाला. "पर मी हितंच."

"का?"

"का म्हंजे? द्येव बसलाय. बसवलेला द्येव दिवस भरल्याबिगर हलवायचा न्हाई, आन् घर रिकामं टाकायचं न्हाई. समई इजली तर?"

"आणि तुम्ही विझलात तर?"

हे मी बोलायला नको होतं. मामा गणपतीसमोर पाटावर जाऊन बसला आणि समईत तेल घालू लागला. थोरला उठत नाही म्हटल्यावर बाकीचे भाऊही उठेनात. भाऊ उठेनात म्हणून काक्या उठेनात. एक माणूस पाटावर बसला आणि त्याच्याबरोबर सगळं घर दरडीखाली बसलं.

मी काय काय बोलले ते आता लिहायलाही नको. शास्त्र सांगितलं, हात जोडले, ओरडले. पांढरं पाणी वाढत होतं. मी पुन्हा मागं गेले आणि नव्या खोलीचं मागचं दार ओढलं. सकाळी ते सहज लागत होतं. आता ते चौकटीत शिरेना. मी खांदा लावून रेटलं, तरी नाही. दार फुगलं नव्हतं. चौकट तिरकी झाली होती. बाहेरून काहीतरी भिंतीला टेकलं होतं आणि हळूहळू भार देत होतं.

"आत्ती!"

आत्ती हात पुसत आली. तिनं दाराला हात लावला, चौकटीच्या कोपऱ्यात पडलेली फट बघितली. त्या फटीतून ओल्या मातीची एक पातळ जीभ आत आली होती. तिनं ती बोटानं उचलली, आणि बोट पदराला न पुसता तशीच देवाच्या खोलीत गेली. मी तिच्या मागं.

"उठा," ती मामाला म्हणाली.

"तू मधे पडू नगंस."

"द्येव तुम्ही उचलताय का मी उचलू?"

मामानं मान वर केली. त्या घरात बसलेल्या मूर्तीला बाई हात लावत नाही. "बाईनं उचलायचा?"

"मग बाप्यानं उचला की. बाप्ये सगळे बसल्यात न्हवं हितं, पाटावर, मांड्या घालून." तिचा आवाज मोठा झाला नव्हता. "नव्या खोलीच्या चौकटीतनं माती आत याय लागलीया. माती आत आल्यावर द्येव काय तुमच्यासाठनं थांबतोय? त्यो पाण्यातच जाणार हाय, आज काय आन् तीन दिसांनी काय. तुमी जाताय व्हय त्येच्यासंगं?"

धाकट्याला हसू फुटलं, आणि घाबरून त्यानं ते दाबलं. मामा हलेना. आत्तीनं पदर खोचला आणि मखराकडं दोन्ही हात नेले.

"थांब गे, थांब!" मामा ओरडत उठला. "पाडशील! हात धर तिकडनं. न्हाई, तू न्हवं," हे धाकट्याला, "तू समई घे."

त्यानं मूर्ती पाटासकट उचलली. समईवर धाकट्यानं सूप आडवं धरलं. कुणीतरी 'मोरया' म्हणालं, पण तो जयघोष नव्हता, जड काही उचलताना निघतो तसला आवाज होता. आम्ही सगळे पावसातून बांधावरून चालत शेतापलीकडच्या गोठ्यात गेलो. म्हातारी माणसं, रडणारी पोरं, डोक्यावर ताडपत्री, पुढं मामा आणि त्याच्या हातात देव. गोठ्यात म्हशींनी बाजूला व्हायला नकार दिला. देव गव्हाणीजवळ बसला.

आणि मग काहीच झालं नाही.

पाऊस उणावला. एवढा उणावला की समोरचं घर स्वच्छ दिसू लागलं, जसंच्या तसं उभं. मी दरडीकडं बघत होते आणि मला ठाऊक होतं की पाऊस थांबल्यावरही आत मुरलेलं पाणी उतरतच असतं. पण हे गोठ्यातल्या माणसांना सांगून काय उपयोग? एक काकी म्हणाली, पोरांना भूक लागली. दुसरी म्हणाली, भाज्यांचं खतखतं चुलीवरच राहिलं. मामा कुणाकडं बघत नव्हता. त्याच्या सोवळ्याला शेण लागलं होतं.

"म्हशीच्या गोठ्यात गणपती," धाकटा म्हणाला. "सगळ्या वाडीत नाव निघतंय बगा. येतो, टोप घेऊन येतो."

"जाऊ नका!" मी म्हणाले.

"अगो, चुलीपातूर जायाचं हाय, कॅसलरॉकला न्हाई."

तो बांधावरून पळत गेला. घरात शिरला. एवढं आठवतं की आत्तीनं माझं मनगट धरलं होतं आणि तिच्या बोटांवरची पांढरी माती माझ्या हातावर वाळत होती. तो बाहेर आला. दोन्ही हातांत टोप, फडकं तोंडात धरलेलं. अंगणाच्या मध्यावर थांबून त्यानं टोप आमच्याकडं उंच करून दाखवला, जिंकल्यासारखा. मग तो शेतात उतरला आणि बांधावरून यायला लागला.

त्याच्या पाठीमागं, घराच्या छपरावर, एक किंदळीचं झाड चालत आलं.

मला दुसरा शब्द सुचत नाही. ते झाड पडलं नाही. उभंच्या उभं, पानांसकट, टेकडीवरून खाली सरकत आलं, आणि त्याच्यामागं आणखी एक, आणि त्यांच्या पायाखालची सगळी जमीन. आवाज नंतर आला. आधी कौलं फुटल्याचा, मग आतल्या वाशांचा, मग एक लांब ओला आवाज, जो कशासारखाच नव्हता. टेकडी त्या काळ्या रेघेवरून सुटली होती. नवी खोली नाहीशी झाली. स्वयंपाकघर नाहीसं झालं. पांढरी माती देवाच्या खोलीतून पुढच्या दारानं अंगणात आली, घाई न करता, आणि धाकटा जिथं टोप उंच करून उभा राहिला होता तिथपर्यंत येऊन थांबली.

धाकटा बांधावरच बसला. टोप त्यानं सोडला नव्हता.

गोठ्यात रडारड सुरू झाली. काक्या पोरांच्या अंगावरून हात फिरवत होत्या, एकच पोर पुन्हापुन्हा. मामा बाहेर येऊन उभा राहिला. मला वाटलं तो घराकडं जाईल. तो गेला नाही. त्यानं मान वळवून टेकडीच्या पायथ्यानं पुढं पाहिलं. त्याच टेकडीला टेकून, थोडं पुढं, दुसरं घर होतं. त्यांनीही दोन उन्हाळ्यांमागं मागं कापून न्हाणी बांधली होती. मामानंच त्यांना जागा दाखवली होती.

तो चालायला लागला. मी मागं पळाले. शेजाऱ्याच्या अंगणात पोचलो तेव्हा तो माणूस दारात उभा होता, आवाज ऐकून बाहेर आलेला. आत त्यांचीही आरती चालली होती.

"अण्णा, काय पडलं? तुमचं घर—"

"सगळी भायर या."

"आं? आमची दरड न्हवं पडली."

"पडंल. भायर या."

"न्हाई अण्णा, आमचीला दोन पावसाळं झालं. वारं लागलंया तिला, घट्ट हाय. तुम्हीच न्हाई व्हय सांगितलं?"

मामानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता तो परात मागेल, किंवा मला पुढं करेल. पण त्यानं काहीच मागितलं नाही. तो त्यांच्या दाराच्या पायरीवर बसला, पावसात, ओल्या सोवळ्यानं, पाठ त्यांच्या घराकडं आणि तोंड त्यांच्या टेकडीकडं करून.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "आता तुमी भायर येस्तोवर मी हितनं हलत न्हाई. पडली तर पयली माझ्यावर."

शेजारी माझ्याकडं बघू लागला, मी काहीतरी समजावीन म्हणून. मी मामाच्या शेजारी जाऊन पायरीवर बसले. आत आरती मधेच थांबली. थोड्या वेळानं देवाचा पाट सरकवल्याचा आवाज आला.